शाळकरी मुलांची न्याहारी आणि घरचें कोठार

राबांतील रोप पिवळें व कोंवळें राहिलें तर लावणीनंतर त्यास कितीहि खत घातलें तरी तें जोमदार रोपाची बरोबरी करीत नाहीं, हें भाताची शेती करणाऱ्या कोणासहि सांगावयास नको. परंतु तोच शेतकरी आपल्या मुलास सकाळीं कपभर चहा व दोन टोस्ट देऊन शाळेस धाडतो, आणि दुपारपर्यंत त्या मुलाच्या पोटांत दुसरें कांहींच पडत नाहीं, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत येत नाहीं. पालघर, बोईसर व तारापूर या बाजूच्या घरांतून शाळकरी मुलांची न्याहारी कशी योजावी, तिच्यासाठीं शेतांत काय पेरावें आणि पेरलेल्यांतून काय राखून ठेवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. न्याहारीचा प्रश्न स्वयंपाकघराचा खरा. पण त्याचें अर्धें उत्तर कोठारांत आहे, असें आमचें मत झालें आहे.

या भागाची ठेवण मोठी चमत्कारिक आहे. पश्चिमेस सातपाटी, मुरबें, नवापूर, दांडी अशीं मच्छीमारांचीं गांवें, त्यांस लागून केळवें-माहीमच्या बाजूस पानवेली, केळी व नारळ यांच्या वाड्या, मध्यें भातखाचरें, आणि पूर्वेस डोंगर चढूं लागतांच वरकस जमीन व आदिवासी बांधवांचे पाडे. यांतच १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, बोईसरला कारखान्यांची वसाहत वाढली, आणि देशाच्या नाना प्रांतांतून माणसें येऊन येथें स्थायिक झालीं. २०१४ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस ठाणे जिल्ह्यांतून पालघर हा जिल्हा वेगळा झाला. एवढ्या लहानशा टापूंत समुद्र, बाग, खाचर व डोंगर हीं चारहि एकत्र असणें ही अन्नाच्या दृष्टीनें मोठीच सोय आहे. असें असून येथील मुलांची सकाळ मात्र सर्वत्र एकाच छापाची झाली आहे. पूर्वीं पाड्यावर सकाळीं नाचणीची अंबील किंवा भाकरी, खाचराच्या गांवीं तांदळाची पेज, किनाऱ्यावर तांदळाची भाकरी व सुक्या मासळीची चटणी असा पाठ असे. आज पाड्यावर काय, चाळींत काय, चहा व बेकरीचा जिन्नस हाच नियम होऊन बसला आहे.

या चहा-बिस्किटांचा हिशेब एकदां मांडून पाहूं. एक कप गोड चहा व चार-पांच बिस्किटें मिळून सुमारें दीडशें उष्मांक व दोन ते तीन ग्रॅम प्रथिनें पोटांत जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व तिची हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणांनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसास सुमारें १७०० उष्मांक, २३ ग्रॅम प्रथिनें, ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम व १५ मिलिग्रॅम लोह लागतें. न्याहारीनें या गरजेचा निदान चौथा हिस्सा भागवावा असें धरलें, तर सव्वाचारशें उष्मांक व सहा ग्रॅम प्रथिनें सकाळींच मिळावयास हवीं. म्हणजे चहा-बिस्किटांनीं निम्मेंहि काम होत नाहीं. कॅल्शियम व लोह यांचें तर नांवच नको. शिवाय चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास अडथळा करतें, म्हणजे थोडें लोह मिळण्यासारखें असलें तरी तेंहि वायां जातें.

लोहाची गोष्ट मुलींच्या बाबतींत विशेष काळजीची आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसास १६ मिलिग्रॅम लोह पुरतें, तर त्याच वयाच्या मुलीस २८ मिलिग्रॅम लागतें. आणि आपल्या घरांतून काय घडतें? पाणी भरणें, केर काढणें, धाकट्यास सांभाळणें हीं कामें मुलीचीं, आणि तिची न्याहारी सर्वांच्या मागून, उरलें तर. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें दिसून आलें. हें रक्त लग्नानंतर एकाएकीं कमी होत नसतें. त्याचा आरंभ बहुधा या शाळकरी वयांतच झालेला असतो.

भात हेंच मुख्य अन्न असणाऱ्या लोकांच्या आहारांत कोठें उणें पडतें, हें कळून पुष्कळ वर्षें झालीं. कुन्नूर येथील पोषण-प्रयोगशाळेचे संचालक ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, तींत सडलेल्या तांदुळावर भागविणाऱ्या गरिबाच्या आहारांत कॅल्शियम व जीवनसत्त्वें यांची वाण असते, हें आंकड्यांनिशीं दाखविलें होतें. (हीच प्रयोगशाळा पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली.) त्याच सुमारास नॉर्वे देशांतील ओस्लो नगरांत आरोग्यशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या खटपटीनें शाळेंतील मुलांस वर्ग भरण्यापूर्वीं ठराविक न्याहारी देण्याचा प्रघात पडला. तींत शिजविण्याचें कांहींच नसे: कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव, लोणी, चीज, दूध, अर्धें सफरचंद किंवा कच्चें गाजर, आणि हिवाळ्यांत चमचाभर कॉड माशाचें तेल. ही ओस्लोची न्याहारी पुढें जगभर प्रसिद्ध झाली. आपणांस तिची नक्कल करावयाची नाहीं. पण तिची आंखणी पाहण्यासारखी आहे. पावाच्या जागीं नाचणीची भाकरी, चीजच्या जागीं शेंगदाणा किंवा अंडें, सफरचंदाच्या जागीं पेरू ठेवा; आणि कॉडच्या तेलाचें काम आपल्याकडे अंगणांतलें ऊन व शेवग्याचा पाला मिळून करतात. नॉर्वेच्या लोकांस जें दुकानांतून आणावें लागलें, तें आपल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं किंवा शेजारीं आहे.

नाचणीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. शंभर ग्रॅम नाचणींत साधारण साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तेवढ्याच सडलेल्या तांदुळांत जेमतेम दहा. वाढत्या हाडांस याहून स्वस्त कॅल्शियम दुसऱ्या कोणत्याहि धान्यांत मिळणार नाहीं. पन्नास ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी, तिच्याबरोबर पंधरा ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी, वाटीभर दूध व एक केळें, एवढी न्याहारी सात-आठ वर्षांच्या मुलास दिली तर सुमारें सव्वाचारशें उष्मांक, बारा ग्रॅम प्रथिनें व साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतें. उष्मांकांचा चौथा हिस्सा पुरा झाला, प्रथिनें व कॅल्शियम निम्मीं तरी आलीं. बारा वर्षांच्या मुलास हेंच प्रमाण दीडपट करावें. दूध नसेल तर ताक चालेल. तेंहि नसेल तर चटणी वाढवावी.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हांपासून शहरांतून नाचणीचीं बिस्किटें, नाचणीचे लाडू यांचा बोलबाला झाला. परंतु अशा बिस्किटांच्या पुड्यावरील बारीक अक्षरें वाचलीं तर पुष्कळदां नाचणी थोडी व मैदा-साखर फार, असें आढळतें. दुसरी एक समजूतहि सुधारली पाहिजे. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यांतून गाळून जें ‘सत्त्व’ काढतात, त्यांत खरें सत्त्व बरेंचसें मागें राहतें! कॅल्शियम, लोह व तंतु यांचा मोठा भाग सालींत असतो आणि तो चोथ्याबरोबर गुरांपुढें जातो. तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. पण दांत आलेल्या, शाळेस जाणाऱ्या मुलास गाळण्याचें कारण नाहीं. त्याऐवजीं नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यांत बांधून एक-दोन दिवस मोड आणावे, खडखडीत वाळवावी, मंद आंचेवर किंचित् भाजून सगळीच्या सगळी दळावी. मोड आल्यानें लोहास अडवून धरणारें आम्ल कमी होतें व पीठ पचावयास हलकें होतें. अंबील आंबविण्यानेंहि हाच लाभ होतो: रात्रीं पीठ ताकांत किंवा पाण्यांत कालवून ठेवावें, सकाळीं मीठ, जिरें व लसूण घालून शिजवावें. आपल्या आज्या हें करीत असत. त्यांना आम्लाचें नांव ठाऊक नव्हतें एवढेंच. मोडाचें पीठ मात्र पावसाळ्यांत वाळत नाहीं व त्यास वास येतो, यास्तव वैशाखांतच तीन-चार महिन्यांची तरतूद करून घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी.

तांदूळ सोडून द्या असें आमचें म्हणणें नाहीं. वाडा कोलमच्या मुलखांत असें कोण म्हणेल? तांदुळास जोड मात्र हवी. तांदुळाच्या प्रथिनांत जो अंश कमी तो डाळींत भरपूर असतो, व डाळींत जो कमी तो तांदुळांत. म्हणून दोन वाटे तांदूळ व एक वाटा मूग रात्रीं भिजत घालून सकाळीं वाटावे, त्यांत मूठभर शेवग्याचा पाला व आलें घालून धिरडीं काढावीं. चाळीस ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम मूग व चमचाभर तेल यांचीं धिरडीं अडीचशें उष्मांक व सात-आठ ग्रॅम प्रथिनें देतात. वर एखादें केळें किंवा दोन चिकू झाले कीं न्याहारी बरीचशी पुरी झाली. वालांचे मोड उसळीपुरतेच न ठेवतां सकाळच्या भाकरीबरोबरहि वाढावे.

रात्रीच्या भाताविषयीं एक इशारा देणें भाग आहे. उरलेला भात सकाळीं फोडणीस टाकणें ही सर्व घरांतली रीत आहे व ती वाईट नाहीं. परंतु आपल्या दमट हवेंत भात पातेल्यांत कोमट राहिला तर त्यांत एक प्रकारचे जंतु वाढून जें विष होतें, तें फोडणीच्या आंचेनें नाहींसें होत नाहीं. मुलांस ओकाऱ्या होतात. शीतकपाट असेल तर भात जेवणें होतांच ताटांत पसरून निववावा व त्यांत ठेवावा. नसेल तर रात्रीं उरणार नाहीं इतकाच शिजवावा. फोडणीच्या भाताबरोबर एक उकडलेलें अंडें दिलें कीं सहा ग्रॅम प्रथिनें सहज पडतात.

किनाऱ्याच्या लोकांस तर प्रथिनांची चिंता करण्याचें कारणच नाहीं. उन्हांत वाळविलेल्या जवळ्याच्या वा बोंबलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. जवळा सालीसकट खाल्ला जात असल्यामुळें त्यांत कॅल्शियमहि विपुल. दहा ग्रॅम जवळा, म्हणजे लहान मूठभर, कोरडा भाजून, वाळू जाण्यासाठीं धुऊन, कांदा व कोकम घालून परतला तर भाकरीबरोबर एका मुलास पुरे. ही चटणी सातपाटीच्या घरांतून नवी नाहीं. पण बोईसरच्या सदनिकांतून वासाच्या भयानें ती हद्दपार झाली आहे. ज्यांस मासळी वर्ज्य आहे त्यांनीं कडधान्य व शेंगदाणा यांवर भर द्यावा. त्यांचेंहि कांहीं अडत नाहीं.

आतां फळ व चहा. कडधान्य, नाचणी व पाला यांतील लोह अंगीं लागावयास जोडीला आंबट असावें लागतें. लिंबाची फोड, आंवळ्याचा तुकडा, पेरू यांपैकीं एक तरी न्याहारीबरोबर असावा. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व तें फळ गोड, पोटभरीचें आहे. परंतु लोहाच्या कामीं पेरू त्याच्याहून सरस. डब्यांत गोड खाऊ हवाच असेल तर वसईच्या बाजूस राजेळी केळीं वाळवून जीं सुकेळीं करतात, तीं चॉकलेटाहून शतपटीनें बरीं. चहा लहानांस नकोच. मोठीं मुलें ऐकत नसतील तर तो न्याहारीनंतर तासाभरानें, शाळेंतून आल्यावर द्यावा.

“हें सारें खरें, पण सकाळीं वेळ कोठें आहे?” असा प्रश्न कोणतीहि आई विचारील, आणि तो रास्त आहे. बोईसरला बाप रात्रपाळीहून परत येतो, आई पहिल्या पाळीस निघते, मुलाची शाळा सकाळीं सातची. अशा घरांत सहा वाजतां भाकरी थापण्याचा उपदेश करणें ही थट्टा होईल. म्हणून न्याहारीची योजना संध्याकाळींच झाली पाहिजे. भाकरी रात्रींच एक जास्त करावी. चटणी आठवड्याची एकदम कुटावी. मूग-तांदूळ भिजत घालणें पांच मिनिटांचें काम, तें मोठ्या मुलानेंहि करावें. सातच्या शाळेस जाणारें मूल झोंपेंतून उठून पोटभर खात नाहीं, हा अनुभव आहे. त्यास घरीं मोडाच्या पिठाची पातळ पेज व केळें द्यावें, आणि भाकरी-चटणीची गुंडाळी मधल्या सुटीसाठीं डब्यांत घालावी. न्याहारी दोन वेळांत विभागली तरी चालते. ती बुडतां कामा नये.

चूल पेटणारच नाहीं असे दिवसहि येतात. त्यासाठीं भाजलेले चणे व शेंगदाणे मिळून साठ ग्रॅम, गुळाचा खडा व एखादें फळ, एवढें डब्यांत असावें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतहि मुलांस सकाळीं न्याहारी मिळावी असें म्हणून, जेथें गरम अन्न शक्य नाहीं तेथें शेंगदाणे किंवा चणे, गूळ व स्थानिक फळ द्यावें असें सुचविलें आहे. बोईसरच्या चाळींतून बिहार-उत्तर प्रदेशचीं कुटुंबें राहतात, त्यांच्यापासून एक गोष्ट आपण अवश्य घ्यावी. भाजलेल्या चण्याचें पीठ, ज्यास ते सत्तू म्हणतात, पाण्यांत कालवून, लिंबू व मीठ किंवा गूळ घालून पितात. दोन मोठे चमचे भरून पीठ घेतलें तर सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनें मिळतात, आणि वेळ लागतो दोन मिनिटें. त्यांनींहि आपली नाचणी उचलावी.

शाळेंत दुपारीं जेवण मिळतें, मग घरीं एवढी यातायात कशास, असें कांहीं पालक म्हणतात. ही योजना १९९५ सालच्या ऑगस्टच्या पंधराव्या तारखेस देशभर सुरू झाली व २०२१ पासून ती पंतप्रधान पोषण या नांवानें चालते. तींत पांचवीपर्यंतच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें देण्याचें प्रमाण आहे. तें दुपारचें जेवण आहे. सकाळच्या तीन-चार तासांची भूक तें भागवीत नाहीं. तमिळनाडूनें २०२२ च्या सप्टेंबरांत शाळेंतच सकाळची न्याहारी देण्यास आरंभ केला, तो हेंच ओळखून. आपल्या शेजारीं डहाणू तालुक्यांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, पुढें तें १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें व अनुताई वाघ यांनीं तें वाढविलें. मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्यांनीं शाळा अंगणांत नेली. पाटीपेन्सिलीच्या आधीं मुलाचें अंग, नखें, डोळे व प्रकृति पाहावयाची, हा त्यांचा क्रम होता. जी गोष्ट त्या बायांनीं पाड्यावर उन्हांत बसून केली, ती आपल्या घरांत करण्यास कोणत्याहि योजनेची वाट पाहावयास नको.

आतां कोठाराकडे वळूं. दोन शाळकरी मुलांच्या घरास वर्षाचें किती लागेल? दर मुलास पन्नास ग्रॅम नाचणी वर्षांतून दीडशें दिवस धरली तर पंधरा किलो. शेंगदाणे रोज पंधरा ग्रॅम, तीनशें दिवस, म्हणजे नऊ किलो. मूग व वाल मिळून चार-पांच किलो. मासळी खाणाराच्या घरीं जवळा एक किलो. अंडीं आठवड्यास दर मुलास दोन, म्हणजे वर्षाचीं दोनशें. त्यास तीन-चार गांवठी कोंबड्या पुरतात. हा आंकडा पाहून कोणासहि वाटेल कीं एवढें थोडें? होय, एवढेंच. वरकस जमिनींत गुंठ्यास दहा किलो जरी नाचणी उतरली तरी दोन गुंठ्यांत काम भागतें, आणि भात काढल्यावर ओलीवर वाल-मूग टाकण्याची रीत आपल्याकडे आहेच. अडचण पिकविण्याची नसून राखण्याची आहे. अंडीं बाजारीं जातात, दूध डेअरीस जातें, वाल व्यापारी उचलतो, आणि त्याच पैशांतून टोस्टाचा पुडा घरीं येतो. या व्यवहारांत शेतकरी दोन्हीकडून बुडतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, बियाणें जसें विक्रीपूर्वीं बाजूस काढतों, तसा मुलांचा वांटा खळ्यावरच मोजून निराळ्या कणगींत भरावा, आणि ती कणगी कितीहि निकड आली तरी विक्रीस काढूं नये. दुधाचाहि पहिला अर्धा लिटर घरांत ठेवून मगच बाकीचें मापास न्यावें.

सांठवणीस नाचणी फार सोयीची, तिला कीड सहसा लागत नाहीं. कडधान्य कडक उन्हांत वाळवून, तेलाचा हात लावून ठेवावें. शेंगदाण्यांची मात्र काळजी घ्यावी. पावसाळ्यांत ते सादळून काळे-हिरवे पडतात, व ती बुरशी विषारी असते. असे दाणे निवडून फेंकून द्यावे, भाजून खपवूं नयेत. शेंगा न फोडतां ठेवाव्या व लागतील तशा फोडाव्या.

शेवग्याचें झाड ज्याच्या परसांत नाहीं त्यानें पाऊस सुरू होतांच मनगटाएवढी जाड व तीन-चार फूट लांब अशी एक-दोन फांदी पाण्याचा निचरा होईल अशा उंचवट्यावर लावावी; खाचराच्या कडेस, जेथें पाणी सांचतें तेथें, ती कुजते. भोंवतीं कांट्या लावून शेळ्यांपासून जपावें. पाला हातीं येऊं लागला म्हणजे कोंवळे शेंडे आधीं खुडावे, म्हणजे झाड उंच न जातां फुटवे धरतें व लहान मुलाचाहि हात पोंचतो. ज्या दिवशीं धिरडीं करावयाचीं त्या दिवशींचा पाला त्या मुलाकडूनच तोडून आणवावा.